भांड्यांचा व्यापारी आणि मंदिरांतील पाकवर्ग

नागपुरांतील गांधीबाग ही मुख्यतः कापडाच्या ठोक व्यापाराची पेठ आहे. तेथून पावलें इतवारीकडे वळविलीं म्हणजे सराफांचीं, किराण्याचीं आणि भांड्यांचीं दुकानें लागतात. पितळेचे हंडे, लोखंडाच्या कढया, जर्मनचे गंज व पोलादाच्या पराती तेथें छतापर्यंत रचून ठेविलेल्या दिसतात. पितळेची गोष्ट निघाली कीं भंडाऱ्याचें नांव निघतेंच. कारण नागपूरच्या पूर्वेस सुमारें ६० किलोमीटरवर असलेलें तें शहर पितळी भांड्यांसाठीं जुन्या काळापासून ओळखलें जातें. ज्या विद्यार्थ्यांस पुढें अशा एखाद्या दुकानाच्या गादीवर बसावयाचें आहे, त्यांनीं विचार करण्यासारखा एक प्रश्न येथें मांडीत आहें. भांडीं विकणाऱ्या मनुष्यानें ख्रिस्तमंदिराच्या सभागृहांत आयाबायांसाठीं स्वयंपाकाचे वर्ग चालवावे काय. आणि चालविल्यास ते कोणत्या रीतीनें चालवावे?

पहिला आक्षेप पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांच्या ओठांवर तयारच असतो. प्रभूनें यरुशलेमेच्या मंदिरांतून क्रयविक्रय करणाऱ्यांस बाहेर घातलें, मग आपण त्यांस पुन्हा आंत कां घ्यावें? आक्षेप खरा आहे, परंतु अपुरा आहे. फिलिप्पै येथें पौलाचा संदेश ऐकून जिनें आपलें घर उघडें केलें, ती लुदिया जांभळीं वस्त्रें विकणारी होती. आणि स्वतः पौल करिंथांत अक्विला व प्रिस्किला यांच्या घरीं राहून तंबू करण्याचा धंदा करीत असे. अर्थात् व्यापारी मंडळींत आला हा दोष नव्हे. तो तेथें काय घेऊन येतो व काय घेऊन जातो, हें पाहिलें पाहिजे.

ह्या बाबतींत एका परकीय आचाऱ्याचें चरित्र मोठें बोधप्रद आहे. आलेक्सी स्वायेर हा फ्रान्समध्यें जन्मलेला मनुष्य लंडनच्या रिफॉर्म क्लबाचा मुख्य आचारी होता. आयर्लंडांत बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हां इ. स. १८४७ मध्यें त्यानें डब्लिन येथें गरिबांसाठीं मोठें अन्नछत्र उघडलें. पुढें इ. स. १८४९ मध्यें त्यानें टेबलावर ठेवण्याजोगी एक लहान चूल विक्रीस काढली, आणि इ. स. १८५४ मध्यें गरीब कुटुंबांसाठीं एक शिलिंग किंमतीचें पाकपुस्तक लिहिलें. क्रिमियाच्या युद्धांत सैनिकांसाठीं त्यानें बनविलेली चूल त्याच्यामागें कित्येक पिढ्या वापरांत राहिली. हा मनुष्य भांडीं विकीत होता, जाहिरातही मनसोक्त करीत होता. तरी त्याच्या हातून भुकेल्यांस अन्न मिळालें, हें नाकारतां येत नाहीं.

आपल्याकडील उदाहरण याहून थोर आहे. इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांत फिरून निराधार मुली व विधवा केडगांवास नेल्या. मुक्ति-सदनांत त्यांस अक्षरओळखीबरोबर स्वयंपाक, विणकाम, तेलाची घाणी, छापखान्याचें काम असे नाना उद्योग शिकविले जात. तेथें चूल ही शाळेचाच एक भाग होती. स्वयंपाक शिकलेल्या मुलीस दुसऱ्याच्या दारीं हात पसरावा लागूं नये, हा त्यामागील हेतु.

आतां मीं स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मंदिराच्या सभागृहांत अशाच एका वर्गास जाण्याचा योग आला. व्यापारी गोड बोलणारा होता. त्यानें न चिकटणाऱ्या लेपाच्या तव्यावर तेलाच्या थेंबाशिवाय अंडें तळून दाखविलें. बाया थक्क झाल्या. रुग्णालयांत आयाचें काम करणाऱ्या एका विधवा बाईनें हप्त्यानें तीन भांडीं घेतलीं. घरीं गेल्यावर तिनें नेहमींच्या लोखंडी सराट्यानें पोळी उलटली, रिकामा तवा मोठ्या आंचेवर तापविला, आणि वर्ष होण्याच्या आंत लेप निघून गेला. हप्ते मात्र उरले होते. वर्ग भरविण्यांत पुढाकार घेणारे गृहस्थ मंडळींतील वडीलच होते. ती बाई पुढें कित्येक रविवार शेवटच्या बांकावर बसून उपासना संपण्यापूर्वींच उठून जात असे. तिला कोणी खोटें सांगितलें नव्हतें. सांगावयाचें तें राहून गेलें होतें. लेपाच्या भांड्यास लाकडाचा सराटा लागतो व तें रिकामें तापवूं नये, ही दोन वाक्यें बोलावयास किती वेळ लागला असता?

तेव्हांपासून माझें असें मत झालें आहे कीं, पहिल्या दिवशीं व्यापाऱ्यानें आपलें एकही भांडें सभागृहांत आणूं नये. बायांनींच घरचीं भांडीं आणावींत आणि पहिला धडा त्यांवरच व्हावा. हा धडा रसायनशास्त्राच्या तासाहून कमी मनोरंजक होत नाहीं. पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. त्यांत ताक किंवा चिंचेचें सार ठेविलें तर तें कळकतें व तें पोटांत गेल्यास अपाय होतो. म्हणून आंतून कथिलाची कल्हई करितात. कथील २३२ अंशांवर वितळतें, तांबें १०८५ अंशांवर. म्हणून कल्हईवाला नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर कथील फिरवितो, तेव्हां भांड्यास कांहीं न होतां कथिलाचा पातळ थर बसतो. मात्र कल्हईचें भांडें कोरडें तापविल्यास तोच थर पघळतो. लोखंडाची कढई काळी दिसते म्हणून तिला हिणवूं नये; तिच्यांत शिजलेल्या आंबट भाजींत लोहाचा अंश उतरतो, आणि रक्त कमी असलेल्या बायांस तो उपकारक असतो. जर्मन, म्हणजे अल्युमिनियम, हलकें व स्वस्त, इ. स. १८८६ मध्यें हॉल व एरू या दोघांनीं वेगवेगळ्या देशांत त्याची विजेनें काढण्याची रीत शोधल्यावर तें गरिबाच्या घरांत आलें. त्यांत आंबट पदार्थ रात्रभर ठेवूं नये, एवढें सांगितलें कीं पुरें. न गंजणारें पोलाद टिकाऊ खरें, परंतु तांब्याच्या मानानें त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. म्हणून त्याच्या पातळ पातेल्यांत खीर एका जागीं लागते आणि बुडास तांबें किंवा अल्युमिनियम जोडावें लागतें.

हें सर्व ऐकल्यावर बाई दुकानांत आली तर ती कदाचित् कांहींच घेणार नाहीं. कदाचित् म्हणेल, “भाऊ, माझ्या कढईला नुसता कान बसवून द्या.” व्यापाऱ्यास हें चालत नसेल तर त्यानें वर्गाच्या भरीस पडूं नये.

कुकराविषयीं मात्र मी थोडा अधिक आग्रही आहें, कारण तेथें जिवाशीं गांठ असते. वाफ कोंडल्यामुळें आंतील पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें व डाळ लवकर शिजते, इ. स. १६७९ मध्यें देनी पापें यानें ज्या भांड्याची कल्पना काढली, त्याचेंच हें घरगुती रूप होय. परंतु वाफेची नळी डाळीच्या फेसानें बुजली किंवा रबराचें कडें चिरलें, तर हेंच भांडें घातक होतें. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक, आणि डाळीसाठीं अर्ध्याहून अधिक, भरूं नये. शिट्टीची नळी प्रत्येक वेळीं उजेडाकडे धरून पाहावी. आरपार दिसली तरच कुकर चुलीवर चढवावा. घरगुती कुकरांवर आय. एस. आय. चिन्ह असणें आतां कायद्यानें आवश्यक आहे. चिन्हाविना स्वस्त मिळणारा कुकर घेऊं नका, हें सांगण्याचें काम त्या व्यापाऱ्याचेंच आहे, कारण तो माल कोठून येतो हें त्याला ठाऊक असतें.

मापाविषयींही दोन शब्द. आपल्याकडे “अंदाजानें” ह्या शब्दावर सारा स्वयंपाक चालतो, आणि घरोघर वाटीचें माप निराळें. बोस्टन येथील फॅनी फार्मर हिनें इ. स. १८९६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकांत सपाट भरलेल्या मापांचा आग्रह धरला, म्हणून तिचे पदार्थ शिकाऊ मुलींसही साधूं लागले. वर्गांत एकच वाटी व एकच चमचा सर्वांनीं वापरावा. ती वाटी नवी असण्याचें कारण नाहीं.

आणि पदार्थ कोणते शिकवावे? परदेशी पदार्थ एखादे वेळीं ठीक, पण वऱ्हाड-नागपूरकडील मुलीस गोळाभात येऊं नये, ह्याची मला खंत वाटते. हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा घ्यावा. त्यांत तिखट, मीठ, हळद, जिरें व तेलाचें मोहन घालून घट्ट गोळे वळावे. तांदूळ अर्धवट शिजत आले, पाणी आटूं लागलें, कीं गोळे अलगद भातांत ठेवून झांकण घालावें आणि आंच मंद करावी. घाईनें आधीं टाकलेले गोळे पाण्यांत विरघळतात. उशीरा टाकलेले आंतून कच्चे राहतात. वाढतांना गोळा भातांत कुस्करून वर हिंग-मोहरीची फोडणी ओतावी. ह्याला जाड बुडाचा गंज व घट्ट झांकण एवढेंच लागतें, आणि तें बहुतेक घरीं असतें.

वर्गाच्या दिवशीं मंदिराच्या आवारांत विक्री नसावी, हप्त्याची वही उघडूं नये, वर्गणी घेतल्यास ती मंडळीच्या खजिनदारानें घ्यावी व शिधा त्यांतून आणावा. ज्या बाईस कांहीं घ्यावयाचें असेल ती दुसऱ्या दिवशीं दुकानीं येईल. मधली एक रात्र तिला घरच्या माणसांशीं बोलावयास मिळते. गांधीबागेंतील माझ्या परिचयाच्या एका दुकानदारास मीं हें सुचविलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, “सर, एका रात्रींत अर्धीं गिऱ्हाइकें गळतात.” मग थोडा वेळ हिशेबाच्या वहीवर बोट फिरवीत बसला आणि त्यानें विचारलें कीं, पहिल्या वर्गासाठीं सभागृहांत गॅसची शेगडी आहे कीं ती दुकानांतून न्यावी लागेल.