शालेय विद्यार्थी आणि आचाररसायन

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात आचाररसायन वर्णिले आहे. सत्य व प्रिय बोलणारा, क्रोधरहित, निद्रा व जागरण सम ठेवणारा मनुष्य रसायनाचे गुण पावतो, असा त्याचा आशय. रसायन केवळ बरणीत नसते, हे आपण जाणतो. परंतु दवाखान्यात मुलांच्या बाबतीत ते विसरले जाते.

दिवाळीनंतर कळंब तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात आणि काही मुले आजी-आजोबांजवळ राहतात. "पोरगं ऐकत नाही, ध्यानात राहत नाही, ब्राह्मीचं औषध द्या," ही मागणी वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना परिचित आहे. (चरकोक्त चार मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी येतात, हे जाता जाता.) औषधास आमचा विरोध नाही. मात्र बाटली देण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. पोटदुखी शाळेच्या दिवशीच होते काय? झोप किती? सकाळी काही खाऊन जातो काय? घरी कोण असते? शाळेत मार बसतो काय?

बालकास भय दाखवू नये, राक्षस-पिशाचांची नावे घेऊन घाबरवू नये, असे शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. तो उपदेश लहान बालकाविषयी असला तरी शाळकरी मुलासही लागू करावा, असे आमचे मत आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नेही शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने जिल्हा परिषदेच्या ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' उपक्रम आरंभिला. तेथे मूल्ये व्याख्यानातून नव्हे, तर जोडीत व गटात बसून केलेल्या कृतींतून शिकविली गेली. सद्वृत्त रुजविण्याची हीच रीत आम्हांस योग्य वाटते.

पालकांस एक गोष्ट सांगावी: चांगले वर्तन दिसताच त्याचा नेमका उल्लेख करावा. "शहाणा आहेस" एवढ्याने मुलास काही कळत नाही. "धाकट्या बहिणीला हात धरून शाळेत नेलेस, बरे केलेस," हे कळते. आजीलाही हे सहज जमते.

मूल सतत उदास असेल, एकाकी राहत असेल, खाणे सोडत असेल अथवा मरणाची भाषा बोलत असेल, तर मेध्य कल्पांवर कालहरण न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक व बालकांसाठीचा १०९८ हा क्रमांक औषधविक्रेत्यांनी काउंटरवर सहज दिसेल असा लावून ठेवावा.