आधी वाचावे, मग धावावे

वर्दी आली की बंब निघालाच पाहिजे आणि बंब पोहोचला की पाणी सुटलेच पाहिजे, अशा शिस्तीत ज्याची उमेदीची सारी वर्षे गेली, त्या माणसाने उतारवयात ‘आधी थांबा’ असा उपदेश करावा, हे कित्येकांना विपरीत वाटेल. परंतु माझ्या एका हुकुमापायी माझ्या हाताखालच्या एका तरुण फायरमनची डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली, आणि तो हुकूम सोडण्यापूर्वी दोन मिनिटे थांबून मी टँकरवरची पाटी वाचली असती तर हा अनर्थ टळला असता. म्हणून ही हकीकत, सांगताना संकोच होत असूनही, सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

१९९६ सालचा श्रावण होता. कोकणातील एका औद्योगिक वसाहतीच्या अग्निशमन केंद्रावर मी स्टेशन ऑफिसर होतो. सकाळी साडेसहाच्या सुमारास, रात्रभर कोसळलेला पाऊस नुकताच उघडला असताना, महामार्गावरील चौकीतून वर्दी आली की घाटात टँकर उलटून पेटला आहे. ‘पेटला आहे’ हा शब्द मी निमूटपणे खरा मानला, आणि पुढच्या सर्व चुकांचे मूळ तेथेच आहे. घाटाच्या वळणावर पोहोचलो तेव्हा कुशीवर पडलेल्या टँकरच्या झडपेतून पांढराशुभ्र, दाट धूर निघून ओल्या रस्त्यावरून दरीतल्या वाडीकडे ओघळत होता. ज्वाळा कोठेच नव्हती, आंच लागत नव्हती, जळल्याचा वासही नव्हता. या तिन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या, पण मनाने त्यांची नोंद घेतली नाही. धूर आहे म्हणजे आग आहे, हा न्याय तर्कशास्त्राच्या पुस्तकात शोभतो, रसायनाच्या टँकरपुढे नव्हे.

रस्त्याच्या कडेला, करवंदीच्या जाळीजवळ, पंधरा-सोळा वर्षांचा क्लीनर भिजलेल्या सदऱ्याच्या खिशावर हात घट्ट दाबून उभा होता आणि ओरडत होता, “पानी नका मारू, साहेब!” घाबरलेले पोर आहे, काहीबाही बोलते आहे, असे समजून मी बंदोबस्ताला आलेल्या हवालदारांना म्हणालो, “हवालदार, या पोराला आधी बाजूला घ्या,” आणि ब्रांच, म्हणजे पाण्याच्या नळीचे तोंड, धरून सज्ज असलेल्या फायरमनला पाणी सोडण्याचा हुकूम दिला. उकळत्या तेलाच्या कढईत ओंजळभर पाणी पडावे तसा आवाज झाला. पाहता पाहता धूर दुपटीने उसळला, आणि उडालेले तुषार त्या फायरमनच्या चेहऱ्यावर आले. तो ब्रांच टाकून गुडघ्यांवर बसला. आम्ही बाकीचे खोकत, डोळे चोळत मागे हटलो, आणि तेही वाऱ्याच्या दिशेनेच, म्हणजे धुराच्याच वाटेने.

टँकरमध्ये ओलियम होते, म्हणजे धूम्र सोडणारे तीव्र गंधकाम्ल. हवेतल्या ओलाव्याशी गाठ पडताच त्याच्यातून आम्लाचे धुके उठते, आणि पाण्याशी त्याची क्रिया इतकी उग्र असते की उष्णतेने ते उसळून चौफेर उडते. आम्ही ज्याला आग समजलो ते हे धुके होते, आणि ज्याला उपाय समजलो तेच त्याचे खाद्य होते. त्या पोराने छातीशी जपून ठेवलेला कागद म्हणजे वाहतुकीत चालकाजवळ असावे लागणारे आपत्कालीन माहितीचे पत्रक होते, आणि त्यात पाणी वर्ज्य असल्याचे स्पष्ट छापलेले होते. मला हवे असलेले सर्व ज्ञान माझ्यापासून तीस पावलांवर उभे होते, आणि मी ते हुकूम देऊन दूर सारले होते.

टँकरच्या पाठीवरही ते लिहिलेले होतेच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर माहितीची पाटी लावावी लागते. चिखलाने माखलेली ती पाटी मी दुपारी पाहिली. तिच्यावर चार आकडी क्रमांक होता १८३१, आणि त्याच्या वर ‘४ डब्ल्यू ई’ अशी संज्ञा. या संज्ञेतला पहिला आकडा कोणते साधन वापरावे ते सांगतो: १ म्हणजे पाण्याची धार, २ म्हणजे पाण्याचा फवारा, ३ म्हणजे फेस, आणि ४ म्हणजे कोरडे द्रव्य, पाणी नाही. शेवटचा ‘ई’ सांगतो की आसपासची वस्ती हलविण्याचा विचार करा. अवघी तीन चिन्हे, पण माझ्या हुकुमाचे खंडन आणि दरीतल्या वाडीचा बचाव, दोन्ही त्यांत सामावलेले होते.

पुढे कोरड्या मातीचे बांध घालून प्रवाह ओढ्यापासून अडविला आणि वाडी रिकामी केली. जखमी सहकाऱ्याचे डोळे आम्ही बराच वेळ धूत राहिलो, कारण टँकरचे शत्रू असलेले पाणी माणसाच्या अंगावरील आम्लाचे मात्र पहिले औषध असते. अशा वेळी डोळे व त्वचा किमान वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावी. एक डोळा वाचला, दुसरा वाचला नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभरातील अग्निशमन दले हुतात्म्यांना मानवंदना देतात. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली असताना आग लागली, आणि दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा तांबडा बावटा त्या जहाजावर लावलेला नव्हता. त्या दिवशी बावटा नव्हता, आमच्या घाटात पाटी होती आणि वाचणारा नव्हता. या दोन्हींत अधिक अक्षम्य कोणते, याचा निर्णय मी माझ्यापुरता केव्हाच केला आहे. त्या ६६ जणांच्या स्मृतीपुढे मान लवविणाऱ्याने निदान डोळे उघडे ठेवायला शिकावे.

हे शिकणे केवळ बंबवाल्यांचे नाही. घटनास्थळी प्रथम पोहोचतो तो पोलीस, रुग्णवाहिकेचा चालक, टोलनाक्यावरील कर्मचारी किंवा गावचा पोलीस पाटील. त्यांच्याकडून गळती थांबविण्याची कोणी अपेक्षा करीत नाही. त्यांचे काम चार शब्दांत मावते: ओळखा, दूर राहा, दुसऱ्यांना दूर ठेवा, कळवा.

ओळखावे ते दुर्बिणीतून. पाटीवरचा चौकोन लाल असेल तर ज्वालाग्राही, पांढऱ्यावर कवटी असेल तर विषारी, वर पांढरा व खाली काळा असेल तर दाहक. १२०३ पेट्रोल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, एवढे क्रमांक तरी प्रत्येक चौकीच्या भिंतीवर लिहिलेले असावेत. वास घेऊन ओळखण्याचा मोह टाळावा. गटारे आणि मलटाक्यांत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू घ्राणेंद्रियच बधिर करतो. टाकीत उतरलेल्या पहिल्या माणसाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो, तो याच अज्ञानातून.

दूर राहावे म्हणजे वाऱ्याच्या उगमाकडे, उंचवट्यावर आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहावे. क्लोरीन हवेहून अडीच पट जड, त्यामुळे ते खोलगट जागी साचते; घाटातील वळणे आणि पुलाखालच्या जागा म्हणून घातक. काय सांडले आहे हे कळेपर्यंत किमान १०० मीटर अंतर ठेवावे, आणि गॅसचा टँकर आगीत सापडला असेल तर १६०० मीटरपर्यंतची वस्ती हलवावी. मोजायला साधन नसेल तर हात लांब करून अंगठा उभा धरावा आणि एक डोळा मिटून पाहावे. सारे दृश्य अंगठ्याआड लपले नाही, तर आपण फार जवळ आहोत.

कळविताना ‘टँकर पेटला’ एवढेच कळवू नये. जे दिसते तेच सांगावे: पाटीवरचा क्रमांक, धुराचा रंग, ज्वाळा आहे की नाही, वारा कोणीकडे वाहतो, जखमी किती, आणि कोणत्या बाजूने यावे. आणि चालक किंवा क्लीनर सापडला, तर सर्वांत आधी त्याचे म्हणणे ऐकावे, मग तो कितीही लहान वा भेदरलेला असो.

तो फायरमन बरा झाल्यावर बंबावर परतू शकला नाही. त्याने आमच्याच केंद्रात वर्दी घेण्याचे काम मागून घेतले, आणि निवृत्त होईपर्यंत केले. टेलिफोन वाजला आणि कोणी टँकरचे नाव काढले, की पुढचे काहीही ऐकण्याआधी तो विचारी, “पाटीवर क्रमांक कोणता आहे? वाचून सांगा, मी थांबतो.”