पराभवानंतरचे पाऊल



इतिहासाच्या अभ्यासात आपण विजयाच्या तारखा पाठ करतो. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. परंतु त्यानंतरच्या दहा वर्षांत काय घडले, हे थोड्यांनाच सांगता येते. संकटकाळी धीर हवा असेल, तर त्या दहा वर्षांचाच अभ्यास केला पाहिजे.

तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तो कागदावरच राहिला. सत्याग्रहींनी पाणी घेतले त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरमध्ये हजारो लोक पुन्हा महाडला जमले, तेव्हा न्यायालयाचा मनाईहुकूम आड आला. बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित केला आणि लढा न्यायालयात नेला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागला तो १७ मार्च १९३७ रोजी.

या दहा वर्षांत ते निकालाची वाट पाहत बसले नाहीत. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, लंडनच्या गोलमेज परिषदेत न्यायाची मागणी मांडली गेली. १९२८ मध्ये दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी शिक्षणसंस्थाही स्थापन झाली. आपण ज्या निवासी शाळेत शिकतो, तिची मुळे अशा प्रतीक्षेच्या काळातील कार्यातच आहेत.

दुसरा दाखला आपल्या अंगणातला आहे. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पराभूत झाले. सडक अर्जुनीचा परिसर तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता; गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. १९५२ मध्ये मुंबईतही त्यांचा पराभव झाला होता. प्रकृती खालावत होती. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच विदर्भात, नागपूरला, त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धधम्माचा स्वीकार केला. निवडणुकीतील पराभव त्या महान परिवर्तनाच्या आड येऊ शकला नाही.

तथागतांच्या अष्टांगिक मार्गात ‘सम्यक व्यायाम’ सांगितला आहे. व्यायाम म्हणजे येथे शरीराची कसरत नव्हे, तर योग्य दिशेने केलेला अखंड प्रयत्न. सर्व संस्कार अनित्य आहेत, ही धम्माची शिकवण आहे. वैभव जसे अनित्य, तशी विपत्तीही अनित्यच. मात्र ती आपोआप सरेल या भरवशावर स्वस्थ बसणे म्हणजे आशा नव्हे. आजचे जे काम आपल्या हाती आहे, ते न सोडणे म्हणजे आशा.

एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, धान हाती येत नाही आणि आईवडिलांना कामासाठी दूर जावे लागते. एखाद्याचा दहावीत विषय राहतो. अशा वेळी सारे संपले असे वाटणे स्वाभाविक आहे. तेव्हा १९२७ आणि १९३७ या दोन सालांमधील अंतर आठवावे, आणि राहिलेल्या विषयाचे पुस्तक पुन्हा उघडावे.

स्वाध्याय : सुटीत घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा, १९५६ च्या आधीचे आणि नंतरचे दिवस त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून कसे ऐकले? ते वहीत लिहून ठेवा. आपल्या घराचा संघर्षही राष्ट्राच्या इतिहासाचेच एक पान आहे.