नोबडी, नायदर आणि नन

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझी इंग्रजीची वही ताईनं पाठवली. स्पेलिंगं सुधारलीत, नकारांचा मात्र घोळ आहे. 'चहा नको' म्हणायच्या जागी 'चहा नाही' असं तू झोपेतही म्हणणार नाहीस; इंग्रजीला तेवढा कान अजून लागायचाय.

'नोबडी डिडन्ट कम' असं लिहिलंयस. 'कोणीही आलं नाही' हे मनात धरून लिहिलंस, हे उघड आहे. आपला नकार क्रियापदाला चिकटतो, 'कोणीही' नुसतं जोर देतं. इंग्रजीत 'नोबडी'च्याच पोटात नकार आहे, मग क्रियापदाला हात लावू नकोस: नोबडी केम. घाबरून 'एनीबडी डिडन्ट कम' करशील, तर तेही चूक. 'एनीबडी' नकाराच्या मागून येतं: आय डिडन्ट सी एनीबडी. जुना इंग्रज कवी चॉसर एका वाक्यात दोन-तीन नकार बिनदिक्कत घालायचा; अठराव्या शतकात रॉबर्ट लाउथसारख्या व्याकरणकारांनी दुहेरी नकाराला चूक ठरवलं. पण चॉसरची सवलत पेपर तपासणारा तुला देणार नाही.

'नो' नामापुढे बसतं: आय हॅव नो तिकीट. तू 'आय हॅव नॉट तिकीट' लिहिलंयस, ते खोड.

आता नायदर आणि नन. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार गोलशून्य बरोबरीत सुटले, तर 'नायदर टीम स्कोअर्ड'. संघ दोनच, म्हणून नायदर. आपल्या पाटाकडीलच्या अकरा जणांतल्या एकालाही गोल जमला नाही, तर 'नन ऑफ देम स्कोअर्ड'. (तसं झालंच तर पेठेत त्या रात्री व्याकरण कोण बघतंय म्हणा!) 'नायदर'नंतर परीक्षेत एकवचनच लिही. 'नन'ला दोन्ही चालतात.

लेखीपेक्षा मला तुझ्या मुलाखतीची धास्ती आहे. 'हॅवन्ट यू फिनिश्ड युवर डिग्री?' असं साहेबांनी विचारलं आणि डिग्री राहिली असली, तर आपण सवयीनं 'हो, नाही झाली' म्हणतो. तिथं तू 'येस' म्हणालास की साहेब डिग्री झाली असं धरणार. प्रश्न नकारी आहे की होकारी, हे बघूच नकोस. झालं असेल तर येस, नसेल तर 'नो, आय हॅवन्ट'.

यावर दहा वाक्यं करून ताईजवळ दे, ती रविवारी इकडं येणार आहे. फुटबॉलवरची केलीस तरी चालतील.

तुझा,
मामा