हातच्याचा खर्च किती?

बारावीला इलेक्ट्रॉनिक्स किंवा डिप्लोमाला ‘डिजिटल टेक्निक्स’ घेतलेलं पोर घरात असलं, की वर्षातून एकदा तरी मागणी येते: बेरीज-वजाबाकीचं सर्किट करायचंय, पैसे द्या. किती द्यायचे? बार्शीतल्या पालकांना माझं सरळ उत्तर आहे, पाचशे-सहाशे. दोन-तीन हजारांचं तयार प्रोजेक्ट फाइलसकट आणून दिलं तर ओरलला पहिल्याच प्रश्नाला पोराची बोलती बंद होते, आणि ज्यासाठी हा विषय घेतला ते हाताला लागतच नाही.

आधी काय करायचंय ते समजून घ्या. द्विमान पद्धतीत एक आणि एक मिळवले की खाली शून्य, हातचा एक. खालचा अंक एक्सॉर गेट देतं, हातचा अँड गेट देतं. हा झाला हाफ अ‍ॅडर. पण दुसऱ्या घरापासून मागचा हातचाही मिळवावा लागतो, म्हणून प्रत्येक घराला फुल अ‍ॅडर: दोन एक्सॉर, दोन अँड आणि दोन्ही हातचे एकत्र करायला एक ऑर. इथेच थोडी बचत होते. हे दोन हातचे एकाच वेळी कधीच ‘एक’ नसतात, त्यामुळे ऑरच्या जागी एक्सॉर लावलं तरी उत्तर तेच येतं. म्हणजे एका फुल अ‍ॅडरला ७४८६ आणि ७४०८ अशा दोनच आयसी पुरतात, ७४३२ घ्यायची गरज नाही.

सुरुवात याच एका अ‍ॅडरने करा. दोन आयसी, एक ब्रेडबोर्ड, तीन स्विच, दोन एलईडी, थोडे रेझिस्टर आणि वायर मिळून अडीचशेच्या आत बसतं. तो नीट चालला की मगच चार बिटांकडे वळा. ब्रेडबोर्ड वाया जात नाही.

चार बिटांची बेरीज आणि वजाबाकी दोन्ही हवी असेल तर चार ७४८६ आणि दोन ७४०८ लागतात. आयसी साधारण वीस ते चाळीस रुपयांना एक, म्हणजे सहांचे दीडशे-दोनशे. ब्रेडबोर्ड दोन, प्रत्येकी शंभर-सव्वाशे. स्विच, एलईडी, रेझिस्टर, वायर मिळून शंभर-सव्वाशे. दुकानागणिक वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे धरा. एवढी वायरिंग नको असेल तर ७४२८३ या एकाच आयसीत चार बिटांचा पूर्ण अ‍ॅडर तयार मिळतो; सोबत एक ७४८६ घेतली की वजाबाकीही होते आणि तीनशेच्या आसपास काम भागतं. पण एक फुल अ‍ॅडर स्वतः जोडल्याशिवाय या वाटेने जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बार्शीकराला खर्च आयसीपेक्षा वाटेचा जास्त पडतो. रेझिस्टर, एलईडी, वायर टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळून जातात. ७४ मालिकेच्या आयसी मात्र सहसा सोलापूरहून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा कुरिअरने आणाव्या लागतात. तीस रुपयांच्या आयसीला साठ-सत्तर रुपये कुरिअर देण्यापेक्षा वर्गातल्या पाच-सहा जणांनी एकच यादी करावी आणि प्रत्येक नंबरची एक आयसी जास्तीची मागवावी.

मागवताना ‘७४एचसी’ लिहा. ‘७४एलएस’ही चालते, पण तिच्या आउटपुटला ‘एक’ असताना एलईडी मंद पेटतो, आणि तेच आउटपुट पुढच्या गेटला जात असेल तर उत्तर चुकू शकतं. एचसीची मात्र एक अट आहे: कुठलंही इनपुट मोकळं सोडायचं नाही. स्विचचं एक टोक पाच व्होल्टला, दुसरं इनपुटला, आणि इनपुटपासून ग्राउंडला दहा किलोओहमचा रेझिस्टर. न वापरलेल्या गेटांची इनपुटंही ग्राउंडला जोडा. प्रत्येक एलईडीला एक किलोओहम.

वीज जुन्या साध्या मोबाइल चार्जरची घ्या, फुकटात काम होतं. पाच व्होल्ट मल्टिमीटरने आधी मोजा. नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावलीत तर आयसी गेलीच समजा. माझी पहिली ७४०८ तशीच गेली. अर्धवर्तुळाची खूण डावीकडे ठेवली की खालच्या ओळीत डावीकडून पाय एक ते सात; सातवा ग्राउंड, वरच्या ओळीत डावीकडचा चौदावा पाच व्होल्ट. ७४२८३ला मात्र सोळा पाय असतात, तिथे आठवा आणि सोळावा. आणि सगळं बरोबर असून अर्धं सर्किट मेलेलं दिसलं तर ब्रेडबोर्डच्या कडेची लाल-निळी पट्टी पाहा. लांब बोर्डात ती बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते. दोन छोट्या वायरी टाकल्या की काम होतं.

याहून साध्या सामानात हे झालेलं आहे. अमेरिकेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी १९३७ साली घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिले, टॉर्चचे बल्ब आणि डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून द्विमान बेरीज करून दाखवली होती.

वजाबाकीसाठी दुसऱ्या संख्येचा प्रत्येक बिट एक्सॉरमधून न्या; एक्सॉरचं दुसरं इनपुट आणि पहिल्या घराचा हातचा, दोन्ही एकाच स्विचला जोडा. स्विच बंद असला की बेरीज, चालू केला की वजाबाकी. सहातून दोन वजा करून पाहा: ०११० मध्ये ११०१ आणि वरचा एक मिळाला की ०१०० येतं, म्हणजे चार, आणि शेवटच्या हातच्याचा पाचवा एलईडी पेटतो. मुलं इथे घाबरून वायरी उपसायला लागतात. उपसू नका. वजाबाकीत तो पेटला म्हणजे उत्तर शून्य किंवा धन. आता दोनातून सहा वजा करा: ११०० येईल आणि पाचवा एलईडी विझलेला राहील. ते उणे चार.