हातांचे उच्चार

माझा भाचा जन्मापासून कर्णबधिर आहे. त्याच्याशी नीट बोलता यावं म्हणून मी भारतीय सांकेतिक भाषा शिकायला लागले आणि पुढे या भाषांवरचं संशोधन वाचायचा नादच लागला. वर्गात पाहिलेलं आणि पुस्तकांतून वाचलेलं मिळून जे उमगलं, ते इथे मांडते आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांच्यासाठी विशेष करून.

१. खूण म्हणजे चित्र नव्हे.

आपल्या सांकेतिक भाषेत पुरुषासाठी बोट मिशीच्या जागी जातं, बाईसाठी नाकपुडीवर, चमकीच्या जागी. ते पाहून घरी आलेल्या पाहुण्यांना वाटतं, ही तर नुसती नक्कल, यात शिकायचं काय! त्यांना मी झाडाची गोष्ट सांगते. अमेरिकेतले कर्णबधिर झाड म्हणताना कोपरापासून हात उभा धरतात, बोटं फाकवतात आणि मनगट हलवतात. डेन्मार्कमधले आधी पानांचा गोल घेर आणि मग खाली उतरणारं खोड रेखाटतात. चिनी सांकेतिक भाषेत दोन्ही हात खोडाला धरल्यासारखे करून वर सरकवतात. झाडाचं कुठलं अंग उचलायचं हे त्या त्या समाजाने ठरवलं आणि एकदा ठरल्यावर ते शिकावंच लागतं. मिशी न ठेवणारा माणूसही मिशीच्याच खुणेने ओळखला जातो.

२. खुणेला अवयव असतात आणि त्या अवयवांना स्वतःचा अर्थ नसतो.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. ‘वेळ’ आणि ‘वेल’ यांत फरक फक्त ळ आणि ल यांचा. सुट्या ळला अर्थ नाही, पण तो बदलला की शब्द बदलतो. भाषाविज्ञानात अशा ध्वनिघटकाला स्वनिम म्हणतात. हातांच्या भाषेतही असे घटक असतात, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिलं. ते वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले होते. तोवर बहुतेक विद्वान खुणांकडे हातवारे म्हणूनच पाहत. स्टोकींनी प्रत्येक खुणेचे तीन भाग पाडले : हाताचा आकार, खुणेची जागा आणि हालचाल. तळहात कुठल्या दिशेला वळला आहे, हा चौथा घटक पुढच्या अभ्यासकांनी जोडला.

अमेरिकन सांकेतिक भाषेतलं एक उदाहरण अभ्यासक नेहमी देतात. तर्जनी आडवी ओढत वाकवायची. कपाळापाशी केलं तर ‘उन्हाळा’, नाकापाशी ‘कुरूप’, हनुवटीपाशी ‘कोरडं’. आकार तोच, हालचाल तीच, फक्त जागा बदलली. नाक आणि कुरूपता यांचा काही संबंध शोधत बसू नये. ळचा आणि वेळेचा तरी कुठे आहे?

१९६५ साली स्टोकींनी डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन कर्णबधिर सहकाऱ्यांसह कोश काढला. त्यात खुणा इंग्रजी शब्दांच्या क्रमाने लावलेल्या नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या अवयवांच्या क्रमाने लावल्या होत्या. या दोघांची नावं स्टोकींच्या मागे झाकली जातात, म्हणून मी ती मुद्दाम घेते.

हे अवयव बोलणाऱ्याच्या मेंदूत खरोखरच सुटे असतात, याचा पुरावा हात चुकतो तेव्हा मिळतो. घाईत आपण ‘चहा-पोहे’चं ‘पहा-चोहे’ करतो. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुजी यांच्या गटाने कर्णबधिरांच्या अशाच चुका गोळा केल्या. त्यांत एका खुणेचा हाताचा आकार शेजारच्या खुणेत शिरलेला असे, बाकी सगळं जागच्या जागी. खूण अखंड चित्र असती, तर ती अशी सांध्यावर मोडली नसती.

३. हाताला जमतं ते सगळं भाषेत चालत नाही.

मराठी माणसापुढे ळने सुरू होणारा शब्द ठेवा, तो लगेच म्हणेल, हा आपला नव्हे. हा नियम त्याला कुणी शिकवलेला नसतो. खुणांचंही तसंच. रॉबिन बॅटिसन यांनी १९७०च्या दशकात दोन हातांच्या खुणांचे दोन नियम मांडले. दोन्ही हात हलत असतील, तर दोघांचा आकार एकच हवा आणि हालचालही सारखी किंवा आलटून-पालटून. दोघांचे आकार वेगळे असतील, तर एक हात स्थिर राहतो आणि त्या स्थिर हाताला मूठ, सपाट पंजा, फाकवलेली बोटं, एकटी तर्जनी असे मोजकेच सोपे आकार चालतात. हे नियम अमेरिकेत सापडले, पण इतर अनेक सांकेतिक भाषांतही ते बऱ्याच अंशी लागू पडतात. आमच्या वर्गात एखाद्या नव्या वस्तूसाठी कुणी खूण सुचवली की आमच्या कर्णबधिर शिक्षिका ती करून पाहतात आणि कधी कधी झटकन नाकारतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘असा हात आपण करत नाही.’ व्याकरण यापेक्षा वेगळं काय असतं?

४. हाताकडे नका, चेहऱ्याकडे पाहा.

शिकाऊ माणूस हातांचा पाठलाग करत राहतो. मुरलेले लोक समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतात आणि हात नजरेच्या कडेने टिपतात. याचा खुणांच्या घडणीवरही परिणाम झालेला आहे. चेहऱ्याजवळ नजर तीक्ष्ण असते, म्हणून तिथल्या खुणांत बारीकसारीक फरक चालतात. छातीच्या खाली खुणा मोठ्या होतात आणि दोन हातांच्या अधिक असतात. शिवाय चेहरा स्वतःही बोलत असतो. आपल्या सांकेतिक भाषेत ‘काय, कुठे’सारखी प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, तर हो-नाहीचा प्रश्न उंचावलेल्या भुवया आणि किंचित पुढे आलेली मान यांवरून कळतो.

५. खुणा झिजतात.

संस्कृतातल्या मातृष्वसाची मावशी झाली, तशाच. अमेरिकन भाषेतली ‘घर’ ही खूण पूर्वी ‘जेवणं’ आणि ‘झोपणं’ अशा दोन खुणांची जोड होती. आता दोन्ही वेळा हाताचा आकार एकच राहतो आणि तो गालावरच थोडा सरकतो. जेवण आणि झोप दोन्ही त्यातून दिसेनाशी झाली आहेत, पण उच्चार सोपा झाला.

६. बाळांचे हातही बोबडे बोलतात.

लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ साली हे दाखवलं. कर्णबधिर आई-वडिलांची कर्णबधिर बाळं, आपली बाळं ‘बाबाबा’ करतात त्याच सुमारास, हातांनी अर्थहीन पण लयबद्ध तुकडे पुन्हा पुन्हा करत होती. ते तुकडे खऱ्या भाषेच्याच अवयवांतून आलेले होते. अवयव आधी, अर्थ मागून.

पण त्यासाठी समोर बोलणारे हात हवेत. बहुसंख्य कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या घरांत जन्मतात आणि तिथे सुरुवातीला असे हात नसतात. आमच्याही घरी एका जाणकार म्हणवणाऱ्याने सांगितलं होतं, ‘खुणा शिकवू नका, मग तो बोलणार नाही.’ या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. १८८० साली मिलानला भरलेल्या कर्णबधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला. २०१० साली त्याच परिषदेच्या व्हँकुव्हरच्या अधिवेशनाने तो ठराव नाकारून झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या काळात किती पिढ्यांचे हात बांधले गेले, या विचाराने मला आजही संताप येतो.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या अल-सय्यिद या बेदुइन गावातून मला आणखी एक गोष्ट कळली. तिथे गेल्या काही पिढ्यांत एक नवी सांकेतिक भाषा जन्माला आली. वेंडी सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की तिच्यात वाक्यरचना लवकर आली, पण एकच खूण माणसागणिक बरीच वेगळी होत होती. अवयवांची काटेकोर व्यवस्था सावकाश जमत होती. म्हणजे उच्चार घडतो तो अनेकांच्या रोजच्या बोलण्यातून. एकट्या मुलाने आणि त्याच्या आईने घरात ठरवलेल्या चार खुणांतून तो पुरा होत नाही.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजारांहून अधिक नोंदींचा चित्रफीत-कोश आहे, तो जरूर पाहा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे चौकशी करा. पण त्याबरोबरच मुलाला कर्णबधिर मोठ्या माणसांच्या सहवासात न्या, तेही ते रांगतं आहे तोवरच, आणि तुम्हीही त्यांच्याकडूनच शिका.