पाण्याखालीं श्वासाची शिल्लक

उष्णमान कायम असतां वायूवरील दाब दुप्पट केल्यास त्याचें आकारमान निम्में होतें, हा रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस मुखोद्गत असतो. परंतु उत्तरपत्रिकेखेरीज दुसरीकडे त्याचा उपयोग कोठें होतो असें विचारलें असतां पुष्कळांस उत्तर सुचत नाहीं. म्हणून ज्या प्रसंगीं या नियमावर मनुष्याचा प्राण अवलंबून असतो, असा एक प्रसंग आम्हीं प्रस्तुत लेखासाठीं निवडला आहे. समुद्रांत बुड्या मारण्याच्या हौसेनें एक मनुष्य सुटींत प्रवासास निघतो आणि सामानांत हवेचा एक लहानसा राखीव सिलिंडर घेतों म्हणतो. तो त्यानें घ्यावा काय, केवढा घ्यावा व कसा न्यावा, याचा आपण विचार करूं.

प्रथम हौशी पाणबुड्याचें साहित्य समजून घेतलें पाहिजे. त्याच्या पाठीवर दाबून भरलेल्या हवेचा सिलिंडर असतो. त्यांतील हवा तोंडापर्यंत पोहोंचविणाऱ्या यंत्रास रेग्युलेटर म्हणतात. आज प्रचारांत असलेल्या रेग्युलेटराचा मूळ नमुना १९४३ सालीं फ्रान्समध्यें झाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघांनीं सिद्ध केला. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, पाणबुड्या श्वास घेईल तेव्हांच तो हवा देतो, आणि सभोंवतालच्या पाण्याचा जितका दाब असेल तितक्याच दाबाची देतो. तसें नसतें तर बाहेरच्या दाबाविरुद्ध छाती फुगवणें अशक्य झालें असतें.

परंतु येथेंच बॉइलचा नियम आपलें देणें वसूल करूं लागतो. समुद्राच्या पृष्ठभागीं वातावरणाचा एक दाब असतो आणि दर १० मीटर खोलीस सुमारें तेवढाच आणखी वाढतो. म्हणून ३० मीटरांवर एकंदर दाब चौपट होतो आणि तेथील एका श्वासांत पृष्ठभागावरील चार श्वासांइतकी हवा खर्च होते. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांत सुमारें २,२०० लिटर हवा मावते. दर मिनिटास २० लिटर हवा घेणाऱ्या मनुष्यास ती पृष्ठभागीं ११० मिनिटें पुरेल. ३० मीटरांवर मात्र साडेसत्तावीस मिनिटांत संपेल. शिवाय घाबरलेला मनुष्य जोरजोरानें श्वास घेतो, हें निराळेंच.

आतां हवा मध्येंच तुटली तर? दाबमापकाकडे दुर्लक्ष होतें, रेग्युलेटर बिघडून त्यांतून हवा एकसारखी वाहूं लागते, किंवा एखादी रबरी नळी फुटते. अशा वेळीं पहिला आधार सोबत्याचा होय. प्रत्येक पाणबुड्याजवळ सोबत्यास देण्यासाठीं एक जादा मुखनळी असते. परंतु सोबती हाताच्या अंतरावर असेल तरच तिचा उपयोग. गढूळ पाण्यांत चार पावलें पुढें गेलेला सोबती नसल्यासारखाच. म्हणून कित्येक पाणबुडे मोठ्या सिलिंडराच्या कडेस एक लहान सिलिंडर बांधतात व त्यास निराळा रेग्युलेटर आणि निराळा दाबमापक जोडतात. इंग्रज पाणबुडे त्याला लाडानें पोनी, म्हणजे तट्टू, म्हणतात. त्याचा मुख्य गुण त्याच्या वेगळेपणांत आहे. पहिल्या सिलिंडरांत कांहींही बिघाड झाला तरी तो दुसऱ्यापर्यंत पोहोंचत नाहीं.

पण हें तट्टू केवढें असावें? येथें अंदाज उपयोगाचा नाहीं. हिशेब केला पाहिजे. पाणबुड्या ३० मीटरांवर आहे, आणि भीतीमुळें मिनिटास ३० लिटर हवा घेत आहे, असें समजूं. वर येण्याचा वेग मिनिटास ९ मीटरांहून अधिक नसावा. शिवाय रक्तांत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबण्याचा प्रघात आहे. तर मग हवेचा खर्च असा होईल:

तळाशीं सावरण्यास १ मिनिट, दाब ४ पट: १२० लिटर.
३० पासून ५ मीटरांपर्यंत सुमारें ३ मिनिटें, सरासरी दाब २.७५ पट: सुमारें २४८ लिटर.
५ मीटरांवर ३ मिनिटें, दाब १.५ पट: १३५ लिटर.
तेथून पृष्ठभागापर्यंत सावकाश १ मिनिट, सरासरी दाब १.२५ पट: सुमारें ३७ लिटर.

एकंदर ५४० लिटर. आतां बाजारांत मिळणाऱ्या बाटल्या पाहूं. हाताच्या मुठींत मावणारी ३ घनफुटांची बाटली सुमारें ८५ लिटर हवा देते. ३० मीटरांवर ती वरील मनुष्यास पाऊण मिनिटही पुरणार नाहीं. १३ घनफुटांच्या बाटलींत ३६८ लिटर मावतात, तीही अपुरी. १९ घनफुटांची बाटली ५३८ लिटरांची, म्हणजे हिशेबास कशीबशी पुरते, पण चुकीला जागा ठेवीत नाहीं. ३० घनफुटांची बाटली सुमारें ८५० लिटर देते व ती निर्धास्त खरी, परंतु तिचें रिकामें वजनच पांच किलोंच्या वर जातें. जी सहज नेतां येते ती तारीत नाहीं आणि जी तारते ती सहज नेतां येत नाहीं, असा हा पेंच आहे.

हा पेंच विमानप्रवासांत अधिकच घट्ट होतो. मुंबईचा एक प्रवासी अंदमानांतील स्वराज द्वीपास निघाला आहे असें समजा. २०१८ पर्यंत या बेटास हॅवलॉक म्हणत. २०२४ सालीं श्रीविजयपुरम् हें नांव मिळालेल्या पोर्ट ब्लेअरपर्यंत विमानानें व तेथून बोटीनें तो जाईल. भरलेला सिलिंडर त्याला विमानांत नेतां येणार नाहीं. अमेरिकेंतील विमानतळांवरचा नियम तर असा आहे कीं, व्हॉल्व्ह सबंध काढलेला व सिलिंडराचें तोंड उघडें असलें पाहिजे. यांत तपासनीसाचा हट्ट नाहीं. बंद सिलिंडर भरलेला कीं रिकामा, हें बाहेरून पाहून ओळखतां येत नाहीं. निरनिराळ्या विमान कंपन्यांचे नियम निरनिराळे असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वींच लेखी परवानगी मागावी व तें पत्र जवळ बाळगावें.

काढलेला व्हॉल्व्ह मुक्कामीं पुन्हां बसविणें हें काम माहितगाराचेंच आहे. कांहीं देशांच्या सिलिंडरांचे आटे पाऊण इंची असतात, तर कांहींचे २५ मिलिमीटरांचे. २५ मिलिमीटरांचा व्हॉल्व्ह पाऊण इंची तोंडांत फिरून बसल्यासारखा दिसतो. परंतु हवा भरतांना तो तोफेच्या गोळ्याप्रमाणें उडूं शकतो. आंत ओल शिरली असल्यास तीही प्रथम काढली पाहिजे. शिवाय तपासणीचा शिक्का जुना झाला असल्यास हवा भरणारा दुकानदार सिलिंडर परत करील, आणि त्याचें करणें योग्यच होय.

तेव्हां पुष्कळ वेळां शहाणपणाचा मार्ग हा कीं, आपला रेग्युलेटर व दाबमापक बरोबर न्यावा आणि लहान सिलिंडर मुक्कामीं भाड्यानें मिळतो काय, हें आधीं पत्रानें विचारावें. मिळाल्यास त्याचा दाब मोजावा, पाण्यांत शिरण्यापूर्वीं त्यांतून दोनचार श्वास घेऊन पाहावे, आणि उथळ पाण्यांत मुखनळी बदलण्याचा सराव करावा. न मिळाल्यास खोली कमी करावी. वरच्याच रीतीनें १८ मीटरांचा हिशेब केला तर सुमारें ३५३ लिटरच लागतात. उथळ पाणी ही सर्वांत स्वस्त शिल्लक आहे, व तिचें ओझें मुळींच होत नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावर प्रथमच बुडी मारणाऱ्या प्रवाशास शिक्षक स्वतः धरून उथळ पाण्यांत नेतो. त्यास असल्या सिलिंडराची गरजच नसते.

परतीच्या प्रवासाचाही विचार आधींच करावा. अनेक दिवस बुड्या मारल्यावर विमानांत बसण्यापूर्वीं निदान १८ तास जाऊं द्यावे, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. त्याच अवधींत सिलिंडर सावकाश रिकामा करून व्हॉल्व्ह काढतां येतो.

एक गोष्ट मात्र सर्वांहून महत्त्वाची आहे. राखीव हवा बुडीच्या बेतांत कधींही धरूं नये. कडेस दुसरा सिलिंडर आहे म्हणून जो पांच मीटर अधिक खोल जातो, किंवा दहा मिनिटें अधिक राहतो, त्याची शिल्लक त्याच क्षणीं संपली. ओझें तेवढें उरलें. संसारांतही अडीअडचणीसाठीं ठेवलेला पैसा रोजच्या खर्चांत मोजूं लागलें कीं तो ठेवलेला राहत नाहीं. बुडी अशी आंखावी कीं, राखीव सिलिंडर भरलेलाच वर यावा. तो वर्षानुवर्षें भरलेला परत आला म्हणून व्यर्थ वाहिला असें कोणीं समजूं नये.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास:
१. २४ मीटर खोलीवरून वर येण्यास किती हवा लागेल, तें वरील रीतीनें काढा. तीन, तेरा, एकोणीस व तीस घनफुटांपैकीं कोणती बाटली निवडाल? कारण द्या.
२. वर येतांना श्वास रोखून धरल्यास फुप्फुसांतील हवेचें काय होईल, तें बॉइलच्या नियमाच्या आधारें सांगा.